नवशिक्याला किती सीसीची डर्ट बाइक? एक आढावा

डर्ट बाइक ही माती, चिखल, दगडगोटे आणि उंचवट्यांवरच्या उड्या यांसाठी घडवलेली हलकी मोटारसायकल आहे. तिचे सस्पेंशन लांब चालीचे, टायर खोल नक्षीचे आणि सीट उंच असते. बहुतेक मॉडेलांना दिवे, आरसे किंवा नंबरप्लेट नसते. बाजारात ती मुख्यतः इंजिनाच्या आकारमानावरून ओळखली जाते: ५०, ६५, ८५, ११०, १२५, २५०, ४५० सीसी. पहिली गाडी घेणाऱ्याला यांतली कोणती योग्य, यावर चालक, प्रशिक्षक आणि विक्रेते यांच्यात अनेक वर्षे मतभेद आहेत. शक्ती झेपली नाही तर नवा चालक पडतो, मनगट किंवा गळपट्टीचे हाड मोडते आणि पुष्कळदा त्याची हौस तिथेच संपते. त्यामुळे हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही.

आकड्यांची परंपरा

सीसीवरून गाड्यांची वर्गवारी करण्याची पद्धत शर्यतींतून आली. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने, म्हणजे एफआयएमने, १९५२ साली ५०० सीसी गटाची युरोपीय मोटोक्रॉस मालिका सुरू केली आणि १९५७मध्ये तिला जागतिक दर्जा दिला. पुढे २५० सीसीची जागतिक मालिका १९६२ साली आणि १२५ सीसीची १९७५ साली आली. आरंभीचा काळ ब्रिटिश धाटणीच्या जड फोर-स्ट्रोक गाड्यांचा होता. साठच्या दशकात हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांनी त्यांना मागे टाकले.

हौशी चालकांची बाजारपेठ याच सुमारास वाढू लागली. यामाहाची २४६ सीसीची डीटी-१ ही गाडी १९६८ साली अमेरिकेत आली आणि शर्यतीत न उतरणाऱ्या माणसालाही डोंगरवाटांवर चालवता येईल अशी गाडी मिळाली. होंडाच्या छोट्या मिनी ट्रेल गाड्यांनी आणि नंतर यामाहाच्या पीडब्ल्यू५०ने मुलांसाठी वेगळा वर्ग उभा केला. १२५, २५०, ५०० असा चढता क्रम पुढे बराच काळ टिकला आणि नवशिक्याने खालून वर जावे हा सल्लाही त्या क्रमाबरोबरच रुजला. दुसऱ्या टोकाला ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. त्या इतक्या दांडग्या होत्या की कसलेले स्पर्धकही त्यांची पूर्ण शक्ती क्वचितच वापरत. अमेरिकेतली ५०० सीसीची राष्ट्रीय मालिका १९९३नंतर बंद झाली आणि होंडाने सीआर५००आर बनवणे २००१नंतर थांबवले.

हा क्रम विस्कटला तो १९९७ साली. स्पर्धक डग हेन्रीने त्या वर्षी यामाहाच्या ४०० सीसीच्या प्रायोगिक फोर-स्ट्रोक गाडीवर लास वेगसची सुपरक्रॉस शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी वायझेड४००एफ विक्रीला आली आणि २००१मध्ये वायझेड२५०एफ. नियमांनी फोर-स्ट्रोकला मोठ्या आकारमानाची सवलत दिली होती. त्यामुळे १२५ सीसीची टू-स्ट्रोक आणि २५० सीसीची फोर-स्ट्रोक एका गटात धावू लागल्या, तसेच २५० सीसीची टू-स्ट्रोक आणि ४५० सीसीची फोर-स्ट्रोक दुसऱ्या गटात. एफआयएमने २००४पासून गटांच्या नावातून सीसीच काढून टाकली आणि एमएक्स१, एमएक्स२ अशी नावे दिली. तेव्हापासून आकडा ऐकून गाडीचा स्वभाव कळत नाही. नवशिक्यांना मिळणाऱ्या सल्ल्यात जो गोंधळ दिसतो त्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

सीसी काय सांगते

सीसी म्हणजे घनसेंटिमीटर. पिस्टन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तेवढे इंजिनाचे आकारमान. जागा मोठी असेल तर एका स्फोटात जास्त इंधन-हवा जळते आणि जोर वाढतो. पण किती वाढतो, हे आणखी बऱ्याच गोष्टींवर ठरते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हची रचना, सायलेन्सरचा आकार, फ्लायव्हीलचे वजन आणि इंजिन किती आरपीएमपर्यंत फिरू शकते, या सर्वांचा त्यात वाटा असतो.

होंडाच्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होते. सीआरएफ२५०एफ आणि सीआरएफ२५०आर या दोघींचे इंजिन २४९ सीसीचे आहे. पहिली हवेवर थंड होणारी, साध्या रचनेची, वाटावाटांनी रमतगमत जाण्यासाठी केलेली गाडी आहे. दुसरी पाण्यावर थंड होणारी मोटोक्रॉसची गाडी असून तिची शक्ती पहिलीच्या साधारण दुप्पट भरते. वजनात मात्र दुसरीच हलकी आहे. यामाहाच्या टीटी-आर१२५ आणि वायझेड१२५ यांच्यात तर तफावत याहून मोठी आहे. सीसी जवळपास एकच, पण टू-स्ट्रोक वायझेड१२५ची शक्ती तिपटीहून अधिक आहे. तिची सीट सुमारे ९७ सेंटिमीटरवर आहे, तर टीटी-आर१२५च्या मोठ्या चाकांच्या आवृत्तीची सुमारे ८० सेंटिमीटरवर. ‘नवशिक्याला १२५ ठीक’ एवढाच सल्ला मिळालेला माणूस या दोहोंतली कोणतीही गाडी घेऊन घरी येऊ शकतो.

म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या आजूबाजूची अक्षरे नीट वाचणे जास्त उपयोगाचे ठरते. होंडामध्ये शेवटचे ‘आर’ शर्यतीचे आणि ‘एफ’ सैरसपाट्याचे. यामाहात वायझेड शर्यतीची, टीटी-आर शिकण्याची. कावासाकीत केएक्स शर्यतीची, केएलएक्स वाटांची. याचा सर्वांत फसवा नमुना म्हणजे होंडाची सीआरएफ१५०आर. दिसायला ती लहान असते, आकडाही सौम्य वाटतो, पण ती ८५ सीसीच्या टू-स्ट्रोक स्पर्धकांशी भिडण्यासाठी केलेली, उंच आरपीएमवर फिरणारी गाडी आहे.

शक्ती किती, याइतकाच ती कशी येते हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सौम्य फोर-स्ट्रोक इंजिन खालच्या आरपीएमवरही सावकाश खेचते. क्लच थोडा चुकला तरी गाडी झटका देत नाही आणि थ्रॉटल सोडले की इंजिनाचा रोध वेग आवरतो. शर्यतीचे टू-स्ट्रोक इंजिन खाली थंड असते आणि ठरावीक आरपीएम गाठताच एकदम उसळते. ४५० सीसीच्या फोर-स्ट्रोकला पन्नासहून अधिक अश्वशक्ती आणि खालपासूनच जबरदस्त ओढ असते. अशा गाडीवर नवशिक्याची एक चूक नेहमी घडते. गाडी अचानक पुढे झेपावते, शरीर मागे फेकले जाते आणि हँडल घट्ट धरलेला उजवा हात त्या ओढीने थ्रॉटल आणखी उघडतो. गाडी आणखी वेग घेते, हात आणखी मागे जातो. लहान इंजिनावरही ही चूक होतेच, पण तिथे सावरायला वेळ मिळतो.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका लहानापासून सुरुवात करण्याची आहे. तिच्या समर्थकांच्या मते शिकण्याच्या काळात चालकाचे लक्ष उभे राहण्याची ढब, नजर, ब्रेक आणि क्लच यांवर असायला हवे. शक्तीची धास्ती असेल तर यांपैकी काहीही अंगवळणी पडत नाही. लहान गाडीचे थ्रॉटल पूर्ण उघडता येते आणि वेग राखून वळण कसे घ्यायचे ते कळते. मोठ्या गाडीवर वळणातली चूक इंजिनाच्या जोराने झाकली जाते. अनेक प्रशिक्षण केंद्रे प्रौढ शिकाऊंनाही ११० ते १५० सीसीच्या गाडीवरच बसवतात, ती याच कारणाने. या भूमिकेची मर्यादा अंगकाठीत आहे. नव्वद किलोचा उंच माणूस ११० सीसीच्या गाडीवर बसला की गुडघे हँडलला लागतात, उभे राहिले की कंबर वाकते आणि प्रत्येक खड्ड्यात शॉकअप तळाला टेकते. अशा गाडीवर लागलेल्या सवयी पुढे मोडाव्या लागतात.

दुसरी भूमिका प्रौढाने पूर्ण आकाराची, म्हणजे २५० सीसीची फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडीच घ्यावी अशी आहे. लहान गाडी काही महिन्यांत अपुरी पडते आणि विकताना तोटा होतो, हा तिचा व्यावहारिक आधार. फ्युएल इंजेक्शन आल्यापासून या गाड्यांचा प्रतिसाद मऊ झाला आहे. यामाहाच्या नव्या वायझेड गाड्यांत मोबाइलवरून इंजिनाचा प्रतिसाद बदलता येतो आणि अन्य कंपन्यांनीही हँडलवर तशा कळा दिल्या आहेत. रस्त्यावर वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्याला क्लच-गियर शिकवावे लागत नाही, असाही युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच पटतो. डांबरावर चाक घसरणे म्हणजे संकट, तर मातीत मागचे चाक सतत थोडे घसरतच असते. डांबरावर बसून वळतात, तर मातीत बहुतेक वेळ फूटरेस्टवर उभे राहावे लागते. रस्त्यावरचा आत्मविश्वास मातीत कधी कधी उलटही बाधतो. ४५० सीसीची मोटोक्रॉस गाडी नवशिक्याने घेऊ नये, यावर मात्र या वादात जवळजवळ एकमत आहे. डकारसारख्या जगातल्या सर्वांत खडतर रॅलीतही २०११पासून मोटारसायकलींना ४५० सीसीचीच मर्यादा आहे, एवढ्यावरून त्या आकड्याचे बळ ध्यानात येते.

तिसरी भूमिका मधली आहे आणि प्रौढ नवशिक्यापुरती तीच सर्वांत भक्कम वाटते. तिच्या मते २०० ते २५० सीसीची, हवेवर थंड होणारी फोर-स्ट्रोक ट्रेल बाइक घ्यावी: टीटी-आर२३०, सीआरएफ२५०एफ, केएलएक्स२३०आर या जातीची. ती पूर्ण आकाराची असते, शक्ती वीसच्या आसपास अश्वशक्तीची असते, बटणावर चालू होते आणि देखभाल थोडी लागते. तिच्यावर पहिली दोन-तीन वर्षे सहज निघतात. तिच्या उणिवाही खऱ्या आहेत. वजन ११५ ते १२० किलोपर्यंत जाते आणि सस्पेंशन मऊ असल्याने मोटोक्रॉसच्या उड्यांना ती पुरत नाही. शर्यतीचेच ध्येय ठेवून आलेल्या तरुणाला ती लवकर थिटी पडेल.

चौथी भूमिका १२५ सीसीच्या टू-स्ट्रोकची. युरोपात आणि अमेरिकेत अनेक नामवंत स्पर्धक याच गाडीवर घडले, म्हणून तिच्याकडे शाळा म्हणून पाहिले जाते. ती हलकी असते. शक्ती एका अरुंद पट्ट्यातच असल्याने क्लच आणि गियर सतत वापरावे लागतात, त्यामुळे चालक सावध होतो. पिस्टन-रिंगचे काम साधे आणि स्वस्त असते. याच गोष्टी विरोधकांना खटकतात. ज्याला अजून थांबवता येत नाही त्याला उसळत्या इंजिनाची शाळा कशाला, असे ते विचारतात. दोन्ही बाजूंचे ऐकले तर असे दिसते की समर्थकांच्या नजरेसमोर लहानपणापासून चालवत आलेला, अंगाने हलका पंधरा वर्षांचा मुलगा असतो आणि विरोधकांच्या नजरेसमोर पस्तिशीत हौस जागलेला माणूस. वाद बराचसा या फरकाचा आहे.

वजन, उंची आणि देखभाल

नवशिका दिवसातून अनेकदा पडतो आणि प्रत्येक वेळी गाडी स्वतःच उचलतो. दुपारनंतर हात भरून येतात, पकड सुटू लागते आणि बहुतेक पडझड त्याच वेळी होते. म्हणून वजनाचा आकडा सीसीइतकाच गंभीरपणे घ्यायला हवा.

सीटची उंची हा दुसरा घटक आहे. पूर्ण आकाराच्या मोटोक्रॉस गाडीची सीट ९५ सेंटिमीटरच्या वर असते. चालक बसल्यावर सस्पेंशन सुमारे दहा सेंटिमीटर दबते, पण हे दबणे वजनावर अवलंबून असते. हलक्या माणसाच्या वजनाने गाडी पुरेशी दबत नाही, त्यामुळे बुटक्या आणि हलक्या चालकाची अडचण दुहेरी होते. स्प्रिंग बदलून आणि सीटचा फोम कापून काही सेंटिमीटर कमी करता येतात. दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत असे नाही, कारण अनुभवी चालक एकाच पायाच्या चवड्यावर भागवतो. पहिल्या काही महिन्यांत मात्र उतारावर गाडी बंद पडली आणि पाय पुरला नाही तर पडणे अटळ असते.

देखभालीकडे खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी पाहते. शर्यतीच्या फोर-स्ट्रोक गाडीचा हिशेब किलोमीटरवर नसून इंजिन चाललेल्या तासांवर असतो. ऑइल थोड्या तासांनी बदलावे लागते, व्हॉल्व्हचे अंतर तपासावे लागते आणि पिस्टन ठरावीक तासांनी बदलला नाही तर मोडून सगळे इंजिन खराब करू शकतो. जुनी ४५० स्वस्तात मिळते त्यामागे बहुधा हेच कारण असते. ट्रेल बाइकचे इंजिन याच्या कितीतरी पट अधिक तास तक्रार न करता चालते.

मुलांचा प्रश्न

मुलांसाठी ढोबळ क्रम रूढ आहे: चार ते सात वर्षांच्या मुलांना ५० सीसी, पुढे ६५ किंवा ११०, दहा-बारानंतर ८५ किंवा १२५ची ट्रेल बाइक. ५० सीसीच्या शिकाऊ गाड्यांना क्लच नसतो आणि थ्रॉटल किती उघडावे यावर पालकाला स्क्रूने बंधन घालता येते. इथे सीसीपेक्षा चाकाचा आकार जास्त बोलका ठरतो, कारण तो मुलाच्या उंचीशी जुळतो. काही कंपन्या एकच १२५ सीसी इंजिन लहान आणि मोठ्या अशा दोन चाकांच्या मापांत देतात, ते याचसाठी.

मुलांनी ही गाडी चालवावीच का, यावरच दुमत आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सोळा वर्षांखालील मुलांनी रस्त्याबाहेरची मोटारवाहने चालवू नयेत अशी भूमिका घेतली. लहान वयात निर्णयक्षमता आणि ताकद पुरेशी नसते, हे तिचे कारण. स्पर्धा संघटना मात्र वयोगट आखून, संरक्षक साधने सक्तीची करून आणि बंद ट्रॅकवर देखरेखीखाली मुलांच्या शर्यती घेतात. एफआयएमची कनिष्ठ जागतिक स्पर्धा ६५, ८५ आणि १२५ सीसी गटांत होते. या दोन भूमिकांमध्ये अजून तडजोड झालेली नाही.

भारतातील आणि महाराष्ट्रातील स्थिती

भारतात डर्ट शर्यती दीर्घकाळ रस्त्यावरच्याच गाड्या सोलून खेळल्या गेल्या. दिवे आणि मडगार्ड उतरवायचे, सस्पेंशन बदलायचे, सायलेन्सर बदलायचा आणि ट्रॅकवर उतरायचे, असे त्यांचे रूप होते. खास घडवलेल्या बहुतेक गाड्या आयात कराव्या लागतात आणि सुट्या भागांसाठी थांबावे लागते. कावासाकीने केएलएक्स आणि केएक्स, तर सुझुकीने आरएम-झेड गाड्या अधिकृतपणे आणल्या, तरी त्यांचा ग्राहकवर्ग लहानच राहिला. पुण्यातल्या बालेवाडी क्रीडासंकुलात जानेवारी २०२४मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तिच्यात ४५०, २५० आणि मुलांसाठी ८५ सीसी असे गट होते. हे स्पर्धेचे गट आहेत, शिकण्याच्या पायऱ्या नाहीत. प्रेक्षागृहातून ते पाहणाऱ्या तरुणाला हा फरक कोणी तरी सांगायला हवा.

बहुसंख्य भारतीय नवशिक्यांपुढचा पर्याय वेगळाच आहे: रस्त्यावर आणि मातीत दोन्हीकडे चालणारी नोंदणीकृत गाडी. हिरो इम्पल्स २०११ साली आली आणि तिच्या वाटेने २०१९मध्ये एक्सपल्स २००. या गाडीची शक्ती एकोणिसाच्या आसपास अश्वशक्तीची, म्हणजे परदेशी ट्रेल बाइकइतकीच आहे. वजन मात्र १६० किलोच्या घरात आहे, टीटी-आर२३०पेक्षा चाळीसेक किलो जास्त. रॉयल एन्फील्डची हिमालयन ४५० चाळीस अश्वशक्तीची आणि १९६ किलोची आहे. परदेशी सल्ल्यातला ‘२५० सीसीपर्यंत ठीक’ हा आकडा इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण इथली दोनशेची गाडी तिथल्या साडेचारशेच्या मोटोक्रॉस गाडीपेक्षा जवळपास पन्नास किलोने जड आहे.

जमिनीचाही परिणाम होतो. मुरमाच्या उतारावर सुटे खडे चेंडूसारखे घरंगळतात आणि तिथे अंगावर येणारी शक्ती घातक ठरते. पावसाळ्यात काळी माती टायरची नक्षी भरून काढते, मडगार्डखाली लिंपली जाते आणि गाडी शब्दशः जड होते. अशा ठिकाणी हलकी, खालून खेचणारी गाडीच कामाची.

कायद्याची चौकट स्पष्ट आहे. नोंदणी नसलेली डर्ट बाइक सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. ती टेम्पोत किंवा ट्रेलरवर घालून खासगी जागेत किंवा ट्रॅकवर न्यावी लागते. रस्त्यावर गियरची मोटारसायकल चालवण्यासाठी वय अठरा पूर्ण लागते. राखीव वने, अभयारण्ये आणि कास पठारासारखी संरक्षित ठिकाणे या गाड्यांसाठी नाहीत. सड्यांवरचा, म्हणजे खडकाळ पठारांवरचा, मातीचा पातळ थर आणि त्यातली रोपे एका चाकोरीनेही उखडतात. त्यामुळे चालवायला जागा कुठे आहे, हा प्रश्न महाराष्ट्रात सीसीच्या आधी येतो.

अनिर्णित मुद्दे

मोठ्या इंजिनाने दुखापती किती वाढतात, याचे खात्रीलायक मोजमाप अवघड आहे. मोठ्या गाडीवर बसणारा सहसा वयाने मोठा आणि अनुभवी असतो. तो वेगाने चालवतो आणि जास्त तास चालवतो. इंजिनाचा परिणाम या सर्वांपासून वेगळा काढायचा तर चालवलेल्या तासांची नोंद हवी आणि हौशी चालक ती ठेवत नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंचा भर अनुभवावरच राहतो.

शक्ती कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक साधने नवशिक्याला कितपत राखतात, हेही वादातीत नाही. सौम्य मॅप, म्हणजे इंजिनाच्या प्रतिसादाची मवाळ मांडणी, लावलेली ४५० मऊ होते, पण तिचे वजन, सीटची उंची आणि देखभालीचा खर्च तसाच राहतो.

विजेच्या गाड्यांनी या प्रश्नाचा पायाच हलवला आहे, कारण त्यांना सीसी नसते. स्टासिकसारख्या छोट्या वीजगाड्यांवर तीन-चार वर्षांची मुले आधी तोल आणि मग थ्रॉटल शिकतात. दुसऱ्या टोकाला स्पेनमधल्या स्टार्क कंपनीची वार्ग ही ऐंशी अश्वशक्तीपर्यंत जाणारी मोटोक्रॉस गाडी आहे. तिची शक्ती, थ्रॉटलचा प्रतिसाद आणि सोडल्यावर येणारा रोध हे सर्व चालकाला स्वतः ठरवता येते. तीच गाडी सकाळी १२५सारखी आणि संध्याकाळी ४५०सारखी चालवता येते. क्लच नसल्याने बंद पडण्याची भीती जाते, पण क्लचवरचे कसबही शिकायचे राहून जाते आणि पुढे पेट्रोलच्या गाडीवर ते पहिल्यापासून शिकावे लागते. किंमत, चार्जिंगची सोय आणि जोरात चालवल्यास लवकर उतरणारी बॅटरी या अडचणी सध्या तरी कायम आहेत. अशा गाड्यांची वर्गवारी किलोवॅटवर करावी, वजनावर करावी की चालकाच्या वयावर, यावर अजून सर्वमान्य उत्तर नाही.